बारा-अकरा: ऑल ब्लॅक्स नक्की कुठे हरले?

ऑकलंडकर | २९ ऑक्टोबर २०२३

मंडळी, दक्षिण आफ्रिका १२, न्यूझीलंड (म्हणजे आमचे ऑल ब्लॅक्स) ११. रग्बी विश्वचषकाची फायनल, पॅरिसशेजारचं स्ताद द फ्रान्स, आणि फरक एका गुणाचा. एका!

रात्री दोनपर्यंत धर्मशालेचं क्रिकेट बघत जागा होतो. ऑस्ट्रेलियाच्या ३८८ पुढे आमचे ३८३, तेही शेवटच्या चेंडूपर्यंत जीव टांगणीला लावून. जरा पाठ टेकतो तोच आठ वाजले आणि रग्बी सुरू. म्हणजे एकाच रविवारी, सकाळच्या पोह्यांच्या आसपास, दोन पराभव पचवायचे. पोहे काही पचले नाहीत.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: तिसऱ्या मिनिटाच्या आतच आमच्या शॅनन फ्रिझेलला पिवळं कार्ड, म्हणजे दहा मिनिटं बाहेर. अर्ध्या तासाच्या सुमारास कर्णधार सॅम केनला आधी पिवळं, मग तेच बदलून लाल. पुरुषांच्या विश्वचषक फायनलमधलं पहिलं लाल कार्ड. पुढची जवळजवळ पन्नास मिनिटं आम्ही चौदा जण. तरीही दुसऱ्या हाफमध्ये आफ्रिकेला एकही गुण करू दिला नाही. ॲरन स्मिथची ट्राय (बॉल गोलरेषेपलीकडे टेकवणं) रद्द झाली. बॉडन बॅरेटची झाली, पण रिची मोउंगाचं कन्व्हर्जन (ट्रायनंतरची जादा किक) हुकलं. शेवटी जॉर्डी बॅरेटची लांबची पेनल्टी बाहेरून गेली. खेळ खल्लास.

माझं मत: केनचं लाल कार्ड. बाकी सगळं त्याच्यामागून आलं. तुम्हाला काय वाटतं?

---

कर्जतलोकल

मी पयला! रग्बीतलं ढिम्म कळत नाही, पण वाचतोय.

---

जोबर्गची सून

ऑकलंडकर, दुःखात सहभागी. (खोटं बोलतेय. आमच्या कॉलनीत अजून भोंगे वाजताहेत.)

लाल कार्डाचं बोलताय, पण तुमच्या फ्रिझेलने काय केलं तेही सांगा की. रकमध्ये (खाली पडलेल्या बॉलवरच्या झुंजीत) आमच्या बाँगी एमबोनांबीच्या पायावर पडला आणि एमबोनांबी तिथूनच लंगडत बाहेर. संघात तो एकटाच खरा हूकर, म्हणजे साइडलाइनवरून बॉल आत फेकणारा (त्या फेकीला लाइनआउट म्हणतात), उरला होता. माल्कम मार्क्स आधीच जखमी होऊन घरी गेला होता आणि त्याच्या जागी हूकर न घेता हँड्रे पोलार्डला, म्हणजे किक मारणाऱ्याला बोलावलं होतं. मग उरलेला सगळा सामना डिऑन फूरीने हूकरची जागा सांभाळली. तो मुख्यतः फ्लँकर (कडेचा फॉरवर्ड) म्हणून खेळणारा. लाइनआउटला आमचे बॉल कसे जात होते ते पाहिलंत ना? आमचंही काही सरळ चाललं नव्हतं.

---

नियमावली

केनच्या कार्डात वाद घालण्यासारखं काही नाही. जेसी क्रीलने दिशा बदलली हे खरं, पण केन ताठ उभा होता आणि खांदा थेट डोक्याला लागला. आजच्या नियमांत याला लालच. मैदानावरचे पंच वेन बार्न्स यांनी पिवळं दाखवलं आणि पुढचा निर्णय 'बंकर'कडे दिला. तिथला अधिकारी आठ मिनिटांत व्हिडिओ बघून ठरवतो. त्याने लाल ठरवलं. नियमाप्रमाणे झालं.

---

ऑकलंडकर

@नियमावली, मग दुसरा हाफ सुरू झाल्यावर सिया कोलिसीने आर्डी सॅव्हियाच्या डोक्याला डोकं लावलं ते काय आरती ओवाळायला? त्यालाही पिवळं, त्याचंही प्रकरण बंकरकडे, आणि ते पिवळंच राहिलं. दोन कर्णधार, दोन डोकी, दोन न्याय.

---

नियमावली

दोन्ही प्रसंग सारखे नव्हते. कोलिसी खाली वाकत होता, धडकेचा जोरही कमी होता. केनच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं. टीव्हीवर संथ गतीत सगळंच भयंकर दिसतं.

---

सातारी तालीम

काय राव, एवढं सगळं माती करून, कान फाटेपर्यंत डोकी घालून, निकाल लागतो किक मारणाऱ्यावर? आमच्याकडं कबड्डीत निदान ज्यानं पकड केली त्यालाच गुण मिळतो.

---

कर्जतलोकल

एक भाबडी शंका. आफ्रिकेने एकही ट्राय केली नाही आणि तरी जिंकले? म्हणजे गोल न करता फुटबॉल जिंकण्यासारखं?

---

माजी स्क्रमहाफ

नाही हो. ट्रायचे ५, त्यानंतरच्या कन्व्हर्जनचे २, पेनल्टी किंवा ड्रॉप गोलचे ३. समोरच्याने चूक केली की ती चूक वसूल करायची, हाही खेळच. पोलार्डने चार पेनल्ट्या मारल्या, चारही आत. बारा गुण. न्यूझीलंडने गोलावर चार किका मारल्या, दोन आत, दोन बाहेर. मला विचाराल तर सामना इथेच संपतो, पण लोकांना रडायला काहीतरी मोठं कारण लागतं.

कन्व्हर्जनबद्दल आणखी एक. ट्राय जिथे टेकवली त्या सरळ रेषेतच मागे जाऊन किक मारावी लागते. मार्क टेलियाने डावीकडून दोघा-तिघांना झटकलं, बॉल टप्पा खात आला आणि बॅरेटने तो कोपऱ्यात टेकवला. म्हणजे मोउंगाची किक पार साइडलाइनजवळून. त्यात पाऊस. मी कॉलेजात असताना अशा जागेवरून किक मारायचो. खाली बसून टी (बॉल उभा ठेवायचं बूड) लावायचा, बॉलची शिवण खांबांच्या दिशेने करायची, चार पावलं मागे, दोन बाजूला. तोवर मागच्या बाजूने कोणीतरी हमखास आईवरून ओरडायचं. ओला बॉल पायाला लागतो तेव्हा आवाजच वेगळा येतो, थप्प असा, आणि त्याच क्षणी कळतं की गेला. वर बघायचीही गरज पडत नाही.

---

डब्लिनचा पाऊस

तुम्ही रडताय? तुम्ही?? दोन आठवड्यांपूर्वी क्वार्टरफायनलला आम्हाला २८-२४ ने घरी पाठवलंत. शेवटी आयर्लंडने ३७ फेज बॉल ठेवला हो (एका टॅकलपासून पुढच्या टॅकलपर्यंतचा खेळ म्हणजे एक फेज). सदतीस! आणि तुमच्याच सॅम व्हाइटलॉकने तो हिसकावला. आयर्लंड आजवर क्वार्टरफायनलच्या पुढे गेलेलं नाही. आमच्या पबमध्ये काल सगळे हिरव्यांच्या, म्हणजे आफ्रिकेच्या, बाजूने होते, फक्त हिरवा वेगळा होता.

---

पॅरिसचा विद्यार्थी

रांगेत उभे राहा. आमची क्वार्टरफायनल: फ्रान्स २८, आफ्रिका २९. तोमा रामोसचं कन्व्हर्जन चेस्लिन कोल्बेने धावत येऊन हाताने अडवलं. ते दोन गुण मिळाले असते तर? शिवाय त्या सामन्याचे पंच न्यूझीलंडचे होते. इथे अजून त्यांचं नाव काढलं की लोक वाइनचा ग्लास खाली ठेवतात.

आणि इंग्लंडवाले कुठे आहेत? सेमीफायनल १६-१५. पोलार्डची अगदी शेवटची, अर्ध्या मैदानाजवळून मारलेली पेनल्टी.

---

जोबर्गची सून

२९-२८, १६-१५, १२-११. तीन आठवडे, तीन सामने, प्रत्येकी एक गुण. आमच्याकडे बीपीच्या गोळ्यांचा खप वाढला असणार.

---

चंद्रकोर

अवांतर: काल कोजागरी आणि वर खंडग्रास ग्रहण. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत सूतक पाळणाऱ्यांनी संध्याकाळीच दूध आटवून संपवलं, न पाळणारे गच्चीवर मसाला दूध घेऊन बसले. सामना साडेबाराला सुरू झाला, एकच्या पुढे ग्रहण लागलं, आणि तेवढ्यातच केनसाहेब बाहेर. आजी झोपेतून उठून म्हणाली, "काळे कपडे घातलेत, ग्रहण लागणारच."

---

माजी स्क्रमहाफ

:)) आजींना समालोचनाला बसवा.

---

जुना किवी

मी १९९८ पासून इथे आहे, म्हणून थोडं मागचं सांगतो.

२००७, कार्डिफ. क्वार्टरफायनलला फ्रान्सकडून २०-१८ असे हरलो. फ्रान्सच्या निर्णायक ट्रायच्या आधी पास पुढे गेला होता. रग्बीत हाताने पुढे पास देता येत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पंचांना दिसलं नाही. पंच कोण? तरुण वेन बार्न्स. त्यानंतर या देशात त्या माणसाला इतक्या शिव्या घातल्या गेल्या की सांगायची सोय नाही. ऑफिसातला साहेब, दूधवाला, शाळेतली बाई, सगळे एका सुरात. काल फायनलला पुन्हा तेच गृहस्थ शिट्टी घेऊन उभे दिसले तेव्हा शेजारच्याने फक्त माझ्याकडे बघितलं.

पण खरं सांगायचं तर काल बार्न्स वाईट नव्हते. स्मिथची ट्राय त्यांनी दिलीच होती. टीएमओने, म्हणजे व्हिडिओ बघणाऱ्या पंचाने, मागे जाऊन लाइनआउटमध्ये सॅव्हियाच्या हातून बॉल निसटलेला शोधला. नॉक-ऑन (बॉल हातून पुढे पडणं) झाला होता, यात शंका नाही. पण या स्पर्धेत टीएमओला दोन फेजपर्यंतच मागे जायची मुभा होती आणि हे त्याहून मागचं होतं. म्हणजे चूक खरी, ती पकडण्याचा अधिकार नाही.

त्यात ॲरन स्मिथचा हा शेवटचा कसोटी (रग्बीत म्हणजे आंतरराष्ट्रीय) सामना. फायनलमध्ये ट्राय करून निवृत्त होण्याचं भाग्य त्याच्या हातात येऊन गेलं.

---

नियमावली

@जुना किवी, दोन फेजच्या नियमाबद्दल सहमत. तिथे टीएमओने मर्यादा ओलांडली. पण हेही बघा: त्यानंतर पाचेक मिनिटांतच बॅरेटची ट्राय झाली. स्मिथची ट्राय धरली असती तर तीच साखळी पुढे तशीच चालली असती असं नाही. दोन्ही ट्राय जोडून अठरा गुणांचा हिशेब करणारे सकाळपासून भेटताहेत, तो हिशेब हवेतला आहे.

---

डब्लिनचा पाऊस

न्यूझीलंडवाल्यांनी एका गुणाबद्दल रडू नये. २०११ ची फायनल, ईडन पार्क: न्यूझीलंड ८, फ्रान्स ७. तेव्हा एक गुण गोड होता ना? फ्रेंच लोक अजून त्या पंचगिरीवर बोटं मोडतात.

---

ऑकलंडकर

तो गोड होताच, आणि राहणार. दोन फ्लाय-हाफ (खेळ चालवणारे, किक मारणारे गडी) जखमी झाल्यावर चौथ्या नंबरच्या स्टीव्हन डोनाल्डला नदीवर मासे पकडत असताना फोन गेला. फायनलमध्ये तिसराही जखमी झाला. आला, अंगाला घट्ट बसणारी जर्सी घातली, आणि विजयी पेनल्टी मारली. अशी गोष्ट असेल तर एक गुण पुरतो.

---

सातारी तालीम

म्हणजे आपला तो न्याय, दुसऱ्याचा तो अन्याय. चालू द्या.

---

कर्जतलोकल

धागा शंभरी गाठणार. मी चिवडा घेऊन बसलोय.

---

अरुंधती वेलिंग्टन

मला एक वेगळाच मुद्दा मांडायचा आहे. ७३व्या मिनिटाला कोल्बेने मुद्दाम हाताने पास पाडला, त्याला पिवळं कार्ड मिळालं, आम्हाला पेनल्टी. आता दोन्हीकडे चौदा-चौदा. आफ्रिका दमलेली. तेव्हा किक कोपऱ्यात मारून लाइनआउट घ्यायचा की गोलावर? आम्ही गोलावर मारली, तीही जवळजवळ पन्नास मीटरवरून. का? सात मिनिटं हातात होती आणि दुसऱ्या हाफभर आम्हीच ढकलत होतो.

कोल्बेला पाहिलंत का? बाहेर खुर्चीवर बसून जर्सीत तोंड लपवलं होतं. त्याला शेवटची सात मिनिटं बघवेनात. ज्याचा संघ पुढे आहे त्याची ही अवस्था, आणि आम्ही त्याच क्षणी त्यांना मोकळं सोडलं.

---

माजी स्क्रमहाफ

अरुंधतीताई, जॉर्डीची तेवढी ताकद आहे, म्हणून तर मोउंगाऐवजी तो आला. आणि लाइनआउटमधून ट्राय होईलच याची हमी कुठे? पीटर-स्टेफ डू टॉयने २८ टॅकल केले काल. अठ्ठावीस! जॉर्डीला तर तो सावलीसारखा चिकटला होता. शिवाय आफ्रिकेने बाकावर सात फॉरवर्ड बसवले होते आणि पाठीमागच्या फळीचा एकटा विली ले रू. ताज्या दमाच्या त्या सात रेड्यांसमोर पाच मीटरवर मॉल (बॉल घेतलेल्याला घेरून पुढे ढकलणारा घोळका) लावणं सोपं नाही. तीन गुण घेऊन १४-१२ करायचं आणि मग सात मिनिटं झुंजायचं. मीही गोलावरच मारली असती.

---

अरुंधती वेलिंग्टन

आणि हुकली असती. :)

---

जोबर्गची सून

७-१ ची जोखीम कुणीच बोलत नाही. बाकावर दुसरा स्क्रमहाफ (घोळक्यामागून बॉल काढून पास देणारा) नव्हताच. फाफ डी क्लर्कला काही झालं असतं तर कोल्बेला तिथे उभं करायचं होतं म्हणे. सामना हरलो असतो तर आज आमच्या प्रशिक्षकांची पुतळाजाळणी झाली असती. जिंकलो म्हणून ते द्रष्टे.

कोलिसीबद्दल थोडं. पोर्ट एलिझाबेथजवळच्या झ्वीडे वस्तीतलं पोर, आफ्रिकेचा पहिला कृष्णवर्णीय कसोटी कर्णधार, आणि आता दोन विश्वचषक. आमच्या घरी काम करणाऱ्या ताई रग्बी कधी बघत नसत. काल मुलांना घेऊन आमच्याकडे बसल्या होत्या. त्यांच्या लहानपणी हा खेळ 'त्यांचा', म्हणजे गोऱ्यांचा होता. काल शेवटच्या दहा मिनिटांत त्या सोफ्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या, समोर बसून बघवेना म्हणून. तुमच्या रागाला मान आहे, पण इथला आनंद नुसता खेळाचा नाही.

---

जुना किवी

हे मान्य, ताई. १९९५ लाही हेच झालं होतं: १५-१२, जादा वेळेत जोएल स्ट्रान्स्कीचा ड्रॉप गोल, आणि मंडेला हिरव्या जर्सीत. सगळं जग खूश, फक्त आम्ही सोडून. तेव्हा आमच्या खेळाडूंची पोटं बिघडली होती आणि सुझी नावाच्या वेट्रेसने काहीतरी कालवलं अशी आवई उठली. ती सुझी आजवर कुणाला सापडलेली नाही.

---

चंद्रकोर

कालच्या दुधात नव्हती ना?

---

गहुंजेकर | २ नोव्हेंबर २०२३

काल गहुंज्याला होतो. न्यूझीलंड विरुद्ध दक्षिण आफ्रिका, क्रिकेट. डी कॉक आणि व्हान डर डुसेनची शतकं, ३५७. आपले किवी १६७ ला गारद, १९० धावांनी पराभव. माझ्या पुढच्या रांगेत हिरवी रग्बी जर्सी घातलेले दोन धिप्पाड पाहुणे होते. भेळ घेऊन दिली तर त्यातल्या एकाने मला रक म्हणजे काय ते प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून समजावलं. शेजारचे काका उठून गेले, त्यांची खुर्चीही त्यात होती.

---

ऑकलंडकर

१९० धावांनी हरलो ते बरं झालं. रात्री शांत झोप लागली.

---

नियमावली

बातमी: वेन बार्न्स निवृत्त. १११ कसोटी सामने, त्यातला शेवटचा ही फायनल.

---

अरुंधती वेलिंग्टन | २० नोव्हेंबर २०२३

धागा वर काढते. काल अहमदाबादला क्रिकेट विश्वचषकाच्या फायनलमध्ये भारत ऑस्ट्रेलियाकडून हरताना पाहिला. आता सगळा भारत आमच्या धाग्यावर स्वागतार्ह आहे.

---

कर्जतलोकल

बोलू नका. दहा सामने सलग जिंकून अकराव्याला... जेवलो नाही काल.

---

सातारी तालीम

पण आपण जवळून नाही हरलो भाऊ. सहा विकेट, त्यांची सात षटकं शिल्लक. हेड नावाचा माणूस खेळत होता आणि आपण बघत होतो. त्यात 'जर-तर' कुठाय? ऑकलंडकरांना निदान भांडायला एक किक आहे, एक कार्ड आहे. आपल्याला काय आहे? खेळपट्टी?

---

माजी स्क्रमहाफ

सातारकर, मला उलट वाटतं. मोठ्या फरकाने हरलेलं आठवड्यात विसरता येतं. जुन्या किवींना बघा, २००७ चा पास अजून पुढेच जातोय.

---

जुना किवी | ६ डिसेंबर २०२३

फायनलचे टीएमओ टॉम फोली आंतरराष्ट्रीय सामन्यांतून बाजूला झालेत. त्यांना आणि घरच्यांना आलेल्या धमक्या, शिवीगाळ. मी वर त्यांच्या निर्णयावर टीका केली आहे आणि ती कायम आहे. पण टीका आणि हे, यात फार अंतर आहे. बार्न्सना २००७ ला जे भोगावं लागलं ते आता फोनवरून थेट माणसाच्या स्वयंपाकघरात पोचतं. आपल्या देशातल्या लोकांनीही त्यात हात धुवून घेतले, याची मला लाज वाटते.

---

ऑकलंडकर

+१, काका.

---

हिशेबनीस

एवढे दिवस वाचनमात्र होतो. मूळ प्रश्न होता, कुठे हरले. लाल कार्ड, रद्द ट्राय, दोन किका, सगळं बोलून झालं. पण गुणफलक घड्याळासकट वाचा. पहिल्या तेरा मिनिटांत आफ्रिका ६, न्यूझीलंड ०. फ्रिझेल बाहेर होता तो हाच काळ. त्यानंतरच्या सदुसष्ट मिनिटांत न्यूझीलंड ११, आफ्रिका ६, तेही बहुतेक वेळ एक माणूस कमी असताना. केनचं कार्ड लाल झाल्यावर आफ्रिकेने फार तर एक पेनल्टी मारली. म्हणजे चौदा जणांनी सामना जवळजवळ जिंकला होता. तो गेला सुरुवातीला, जेव्हा निम्मे लोक अजून चहा गाळत होते. माझ्या मते दोषी फ्रिझेल. त्याला कोणी शिव्या घालत नाही, कारण तिसऱ्या मिनिटाची चूक ऐंशीव्या मिनिटापर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही.

---

ऑकलंडकर

हिशेबनीस, आकडे बिनतोड. पण कर्णधार मैदानावर असता तर ७३व्या मिनिटाला निर्णय कुणी घेतला असता? मी लाल कार्डावरून हलत नाही.

---

जोबर्गची सून | १५ डिसेंबर २०२३

आज आम्हाला सुट्टी आहे. विश्वचषक जिंकला म्हणून राष्ट्राध्यक्षांनी दिलेली. सहज सांगितलं.

---

ऑकलंडकर

ताई, मीठ चोळायलाही सुट्टी टाकता तुम्ही. असो. २०२७ चा विश्वचषक ऑस्ट्रेलियात आहे, आम्हाला साडेतीन तासांचं विमान. पोहे मी आणतो, माजी स्क्रमहाफनी किक मारायची नाही एवढीच अट.

---

माजी स्क्रमहाफ

अट नामंजूर. टी घेऊन येतो.